मजकुरातली गळती

नमस्कार ताई,
मी ऐरोलीची, वय २९. बाबांचा वॉटरप्रूफिंगचा धंदा आहे, २७ वर्षं झाली. दर वर्षी पावसाळ्याआधी ते वाशी, कोपरखैरणे, घणसोलीच्या सोसायट्यांमध्ये जाऊन गळतीवर बोलतात. फुकट. दीड-दीड तास लोक जागचे हलत नाहीत. यंदा मी दोन व्याख्यानं रेकॉर्ड केली. शिवाय सोसायट्यांच्या अंकांसाठी त्यांनी लिहिलेले दहा-बारा लांबलचक लेख आहेत. घरात एवढा माल पडलेला आणि आमच्या दुकानाच्या व्हॉट्सॲपवर मात्र रोज 'शुभ सकाळ'. म्हणून मी पैसे भरून एआयचं खातं घेतलं, सगळं त्यात टाकलं आणि 'मार्केटिंग पोस्ट करून दे' म्हटलं. एका दुपारी ४० पोस्ट तयार! मी खूश.

त्यातली एक होती, 'इमारतीतील गळतीची दुरुस्ती ही सोसायटीचीच जबाबदारी!' ती कोपरखैरण्याच्या एका ग्रुपवर फिरली. तिथल्या एका सभासदाने ती सभेत दाखवून कमिटीकडे स्वतःच्या बाथरूमचा खर्च मागितला. सेक्रेटरींचा बाबांना फोन. बाबांनी चाळीसच्या चाळीस पोस्ट वाचल्या आणि एवढंच म्हणाले, 'हे मी बोललोच नाही.' तेव्हापासून हा विषय काढू देत नाहीत. इकडे आमच्याच लाइनमधले दुसरे लोक रोज दोन रील टाकतात. मी हे सगळं बंद करू, की नीट करायची काही पद्धत आहे? व्याख्यानाची दोन पानं सोबत जोडली आहेत. तुम्ही आयुष्यभर वर्तमानपत्रात कापाकापी केलीत म्हणून तुम्हालाच विचारते. मला अगंतुगं करा.
कात्रीत सापडलेली, ऐरोली

अगं कात्रीत सापडलेले,

सही झकास केलीस. त्या सहीवरून एक कळलं, तुला लिहिता येतं. तेव्हा यंत्राकडून लिहून घेतलंस ते घाईपोटी, येत नाही म्हणून नव्हे.

पद्धतीचं नंतर बघू, आधी कोपरखैरणे. ती पोस्ट तू काढलीही असशील, पण फॉरवर्ड झालेल्या प्रती तुझ्या हातात नाहीत. म्हणून ज्या ज्या ग्रुपवर ती गेली तिथे दुरुस्ती जाऊ दे, दुकानाच्याच नावाने, आडवळणं न घेता. 'आमच्या अमुक तारखेच्या पोस्टमध्ये अर्धीच गोष्ट सांगितली गेली. पावसाचं पाणी, गच्ची आणि बाहेरचे सामाईक पाइप यांची गळती सोसायटीच्या खर्चाने. फ्लॅटच्या आतल्या संडास, बाथरूम, सिंकची गळती त्या सभासदाच्या खर्चाने. सोसायट्यांसाठीच्या आदर्श उपविधींत (नमुना नियमावलीत) असं आहे. तुमच्या सोसायटीने स्वीकारलेले उपविधी एकदा बघून घ्या.' बस, एवढंच. एआयचा उल्लेखही नको. 'यंत्राने लिहिलं' हे ऐकण्यात कुणाला रस नसतो, खाली नाव तुमच्या दुकानाचं होतं. सेक्रेटरींना फोन मात्र बाबांनीच करायचा. तू केलास तर मुलीने सारवासारव केली असं दिसेल.

आणि बघ, तुझ्या चाळीसातली एकही पोस्ट फिरली नसेल इतकी ही दुरुस्ती फिरेल. सोसायट्यांना एजीएम, म्हणजे वार्षिक सभा, ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते आणि 'गळतीचा खर्च कुणाचा' यावरून आवाज चढला नाही अशी एजीएम मी अजून पाहिलेली नाही.

आता माझं पाप सांगते. ठाण्यातल्या एका दैनिकात मी रात्रपाळीला उपसंपादक होते. जिल्ह्याच्या पानावर पाणी बंदची बातमी होती. बातमीदाराने साडेतीनशे शब्द लिहिलेले, जागा जेमतेम सव्वाशेची. बातमी तळापासून कापायची हे आमचं बाळकडू, कारण महत्त्वाचं सगळं वर असतं असं धरलेलं असतं. मी कापली. तळाच्या परिच्छेदात एक वाक्य होतं, 'जलवाहिनीचे काम ठरल्या वेळी सुरू झाले तरच पुरवठा बंद राहील.' काम सुरू झालंच नाही. आमचं वाचून अर्ध्या नौपाड्याने पिंपं, बादल्या, कुकर, जे सापडेल ते भरून ठेवलं आणि नळ दिवसभर धो धो वाहत राहिला. संध्याकाळी संपादकांनी बोलावलं. ओरडले नाहीत. बातमीदाराची मूळ प्रत आणि छापलेलं पान शेजारी शेजारी ठेवलं आणि विचारलं, 'तरच कुठे गेला?'

तुझ्या यंत्रानेही 'तरच' खाल्ला. बाबा बोलले असणार, 'गच्चीतून आलं तर सोसायटीचं, वरच्यांच्या नहाणीतून आलं तर वरच्यांचं.' यंत्राने ठळक वाक्य ठेवलं आणि त्याच्या अंगचा 'तर' सोडून दिला. ही तुझ्या एकटीच्या नशिबाची गोष्ट नाही. लंडनच्या रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेच्या 'रॉयल सोसायटी ओपन सायन्स' या नियतकालिकात २०२५ साली एक अभ्यास आला होता. दहा वेगवेगळ्या एआयकडून शास्त्रीय लेखांचे सारांश करून घेतले, सगळे मिळून जवळपास पाच हजार, आणि ते मूळ लेखांशी ताडून पाहिले. जे मूळ लेखाने हात राखून म्हटलं होतं ते बहुतेक यंत्रांनी सरसकट करून टाकलं. माणसांनी केलेल्या सारांशांशी तुलना केली तर हा दोष यंत्रांत जवळजवळ पाचपट. 'अचूक लिही बरं का' असं बजावूनही बहुतेकांनी तेच केलं. तेव्हा नुसती ताकीद देऊन हे सुटणारं नाही.

त्यात तू म्हणालीस 'मार्केटिंग पोस्ट'. जाहिरात म्हणून जे काही यंत्राने वाचलंय त्यात 'तरच' हा शब्द कितीसा असणार?

तू जोडलेल्या पानांवरचा एक तुकडा घेते. बाबा बोलतात:

'ओल कुठे आली ते मला फोनवर सांगू नका, कधी येते ते सांगा. जुलैत येते आणि दसऱ्यापर्यंत वाळते, तर पाणी बाहेरचं. गच्ची, नाहीतर भिंतीची भेग, नाहीतर खिडकीचा काठ. मे महिन्यातसुद्धा हात लावला की गार लागते, तर वरच्यांची नहाणी नाहीतर पाइप. पण थांबा. वरचा फ्लॅट बंद असेल, कुणी राहत नसेल, तर हा हिशेब चालत नाही. तिथे मला येऊनच बघावं लागेल. आणि तोपर्यंत रंग मारू नका. दिवाळी आली म्हणून लोक रंग मारतात, पुरावा जातो.'

आणि यंत्राने याचं केलेलं:

'छतावरील ओलसरपणाकडे दुर्लक्ष करू नका! पावसाळ्यात ओल? कारण गच्ची. वर्षभर ओल? कारण वरचे बाथरूम. आजच तज्ज्ञांशी संपर्क साधा आणि गळतीला करा कायमचा रामराम!'

वरवर पाहिलं तर चूक काहीच नाही, नाही का? पण हिशेब मांड. 'भिंतीची भेग, खिडकीचा काठ' गेलं. म्हणजे ही पोस्ट वाचून एखादी कमिटी खिडकीच्या काठाच्या गळतीसाठी अख्ख्या गच्चीचा ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा थर) उखडायला घेईल आणि पुढच्या जुलैत ओल जिथल्या तिथे. बंद फ्लॅटचा अपवाद गेला. रंग मारू नका हे गेलं, आणि तो तर ऐकणाऱ्याच्या पदरात पडणारा एकमेव फुकटचा सल्ला होता. जे बाबा कधीच बोलले नाहीत ते मात्र आलं, 'कायमचा'. २७ वर्षं गच्च्या बघितलेला माणूस 'कायमचा' म्हणेल? आणि 'पण थांबा'. ते दोन शब्द म्हणजेच तुझे बाबा. त्यासाठी तर लोक दीड तास बसतात.

आता हेच मी काय करीन सांगू? लिहिणार काहीच नाही. शेवटची दोन वाक्यं उचलीन, वर एक ओळ घालीन:

'छताला ओल दिसतेय? तोपर्यंत रंग मारू नका, जोपर्यंत कारण सापडत नाही. दिवाळी आली म्हणून लोक रंग मारतात, पुरावा जातो.'

झाली पोस्ट. खाली बाबांचं नाव. वरची ओळ आणि 'जोपर्यंत कारण सापडत नाही' एवढंच माझं, कारण त्यांचं 'तोपर्यंत' आधीच्या वाक्याला टेकलेलं होतं. जुलै आणि मे महिन्याची जी परीक्षा आहे ती दुसरी पोस्ट, 'पण थांबा'सकट, जवळजवळ जशीच्या तशी. साठ-पासष्ट शब्द होतील. व्हॉट्सॲपवर साठ शब्द कुणाला जड होत नाहीत, आपल्याकडे लोक सुनेच्या तक्रारीचे सहाशे शब्दांचे मेसेज मन लावून वाचतात.

आखूड करणं वेगळं आणि वेगळं काढणं वेगळं, एवढंच मला सांगायचंय. तू अख्खा ऊस चरकात घातलास. रस निघाला, पण रस सगळ्या गुऱ्हाळांतला सारखाच लागतो. तुझ्याकडे ऊस चांगला आहे तर कांड्या करून दे. बाबांचं बोलणं पातळ करू नकोस, त्याचे तुकडे काढ. आणि तुकडे शोधायला यंत्र फार कामाचं आहे. मी असते तर त्याला शोधायला ठेवलं असतं, लिहायला नाही.

शोधायला कसं बसवायचं, ते आता सांगते.

पहिलं काम व्याख्यान कागदावर उतरवण्याचं, आणि इथे तू पाहिजे तेवढी काळजी घेतलेली दिसत नाही. बाबा मराठीत सुरू करतात, हिंदीत जातात, मध्येच 'मेम्ब्रेन' आणि 'पॉन्डिंग टेस्ट' (पाणी साठवून गळती बघायची परीक्षा) म्हणतात. यंत्र गोंधळतं. तुझ्या दोन पानांत 'नहाणी ट्रॅप'चा (नहाणीतलं पाणी जायचं तोंड) 'नाही ट्रॅप' झालाय. त्याहून मजा म्हणजे 'पॅरापेटला वाटा नीट मारला नाही' याचं झालंय 'पॅरापेटला वाट नीट मारला नाही'. गच्ची आणि पॅरापेट, म्हणजे तिचा कठडा, जिथे मिळतात तिथला तो सिमेंटचा गोल उतार म्हणजे वाटा, हे त्याला कुणी सांगितलं? तू सांगायचंस. बाबांच्या धंद्यातल्या शब्दांची एक यादी कर: वाटा, कोबा, नहाणी ट्रॅप, डक्ट, पोपडे, चायना मोझॅक, जे जे ते बोलतात. उतरवून घेताना आणि नंतर प्रत्येक वेळी ती यादी आधी द्यायची. तरी एकदा रेकॉर्डिंग कानाला लावून कागदावर बोट ठेवत वाचून काढ. दीड तास जाईल. पुढे सहा महिने पुरेल असा दीड तास आहे तो.

दुसरं, दीड तासाचं बोलणं म्हणजे दहा-बारा हजार शब्द, ते एकदम ओतू नकोस. लांब मजकुराची सुरुवात आणि शेवट यंत्र बरं धरतं, मधलं त्याच्या हातून निसटतं. संशोधकांनी २०२३ मध्येच हे तपासून दाखवलं होतं. नंतरची यंत्रं सुधारली आहेत, तरी मी भरवसा ठेवत नाही. शिवाय यंत्र मजकूर बारीक तुकड्यांत मोजतं आणि देवनागरीचे तुकडे तेवढ्याच इंग्रजीपेक्षा जास्त पडतात, म्हणजे मराठीने त्याची ओंजळ लवकर भरते. आणि बाबांचं खरं सोनं मध्येच असणार. वक्ता रंगतो तो तिसाव्या मिनिटानंतर. म्हणून विषय बदलला की कागद बदल. गच्ची एक, बाहेरची भिंत एक, बाथरूम एक, पत्र्याची शेड एक, पैसे आणि कोटेशन एक.

मग एकेक भाग देऊन हे सांग. माझ्या शब्दांत लिहून देते, पुढे तुझे बदल कर:

'खाली एका व्याख्यानाचा भाग आहे. यातले असे उतारे शोध जे एकटे वाचले तरी पूर्ण कळतील. शब्द बदलू नकोस, नवीन वाक्य घालू नकोस, मथळा देऊ नकोस. प्रत्येक उताऱ्याखाली लिही, की वक्त्याने त्याला कोणती अट घातली आहे: जर, तर, पण, फक्त, सहसा, बघितल्याशिवाय सांगता येणार नाही. अट व्याख्यानात दुसरीकडे असेल तर ते वाक्यही उचलून शेजारी ठेव.'

शेवटचं वाक्य विसरू नकोस. बोलताना माणूस नियम दहाव्या मिनिटाला सांगतो आणि त्याचा अपवाद चाळिसाव्याला, कुणीतरी मागून प्रश्न विचारला म्हणून. तू कागद वेगळे केलेस की ही ताटातूट होते, म्हणून प्रश्नोत्तरांचा भाग प्रत्येक वेळी सोबत जोड.

आता एक कोकणी माणसाचा संशयी सल्ला (मी माहेरची चिपळूणची). यंत्र 'शब्दशः उचललं' म्हणतं आणि गुपचूप इस्त्री करून देतं. 'गार लागते'चं 'थंडावा जाणवतो' करतं. त्याने दिलेल्या उताऱ्यातले चार शब्द कॉपी कर आणि मूळ फाइलमध्ये शोधून बघ. सापडले नाहीत तर उतारा फेक आणि मूळ जागेवरून स्वतः उचल. दहा सेकंदांचं काम आहे, मजकुराची इतकी स्वस्त पॉन्डिंग टेस्ट दुसरी नाही.

पोस्ट पक्की झाली की ती आणि मूळ उतारा एका नव्या, कोऱ्या संवादात देऊन विचार, 'पोस्टमध्ये असं काय आहे जे मुळात नाही? आणि मुळातली कोणती अट पोस्टमध्ये नाही?' त्याच यंत्राला त्याचीच चूक विचारायची म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या, हे खरं. पण बरंच काही सापडतं. उरलेलं बाबा पकडतील.

तुकडा बाहेर पडला की तो एकटाच फिरतो, हेही लक्षात घे. तू पाच चित्रांची मालिका करशील, पहिल्यावर नियम आणि चौथ्यावर अपवाद. कोपरखैरण्याचा तो सभासद पहिल्याचाच स्क्रीनशॉट काढणार. म्हणून नियम आणि त्याची अट एकाच चित्रावर, एकाच आकाराच्या अक्षरांत. अट मावत नसेल तर तो मुद्दा त्या जागेसाठी नाही, दुसरा घे. व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर २४ तासांत पुसलं जाणारं काहीही ठेव, कामाचे फोटो, साइटवरचा बाबांचा डबा. जे लोकांनी जपून ठेवावं असं वाटतं ते मेसेज म्हणून पाठव. इन्स्टाग्रामच्या मजकुराला २,२०० अक्षरांची मर्यादा आहे, पण लोकांना आधी दिसतात त्या सुरुवातीच्या ओळी, तेव्हा 'पण थांबा' खाली गाडला जाणार नाही असं बघ. एसएमएसच्या भानगडीत पडू नकोस. देवनागरीत एका एसएमएसमध्ये ७० अक्षरं मावतात, रोमनमध्ये १६०, आणि काना-मात्रा वेगळ्या मोजल्या जातात. त्यात व्यावसायिक एसएमएससाठी डीएलटी या दूरसंचार कंपन्यांच्या नोंदणी-व्यवस्थेवर नोंदणी करून मजकुराचा साचा आधी मंजूर करून घ्यावा लागतो. ७० अक्षरांत 'तरच' कुठे बसवणार?

रीलचं विचारलंस. तिथे तर यंत्राने लिहायचा प्रश्नच नाही, बाबा समोर बोलतायत! त्यांचं ३०-४० सेकंदांचं बोलणं सलग कापून घे. कोणत्या मिनिटाला काय आहे हे यंत्राला विचार, आणि त्याने सांगितलेलं मिनिट स्वतः उघडून बघ. त्यात नेमकी चूक निघू शकते. कापताना 'पण'च्या आधी कात्री लावायची नाही. वाक्य संपलं म्हणजे मुद्दा संपला असं नाही, बाबांनी श्वास घेतला म्हणजे तर मुळीच नाही. खालच्या पट्टीवरचं मराठी हाताने तपास, नाहीतर पुन्हा 'नाही ट्रॅप'.

त्या दुसऱ्यांच्या रोज दोन रील बघून जीव टांगणीला लावू नकोस. सोसायटीचं काम रील बघून कुणी देत नाही. कमिटी तीन कोटेशन मागवते, त्यावर महिनाभर भांडते, आणि मग कुणीतरी म्हणतं, 'ते मागच्या वर्षी बोलायला आले होते ना, ते बरे वाटले.' त्या 'कुणीतरी'च्या फोनमध्ये तुझा एक मेसेज साठवलेला असला की झालं. ४० पोस्टींची घाई तर अजिबात नको. तुमचा धंदा पंचांगावर चालतो, पोस्टही तशाच चालू देत. जानेवारी ते मार्च कमिट्या कोटेशन घेतात, तेव्हा कोटेशन कसं वाचायचं, कोब्यावर पाणी साठवून परीक्षा करून घेतल्याशिवाय शेवटचा हप्ता का देऊ नये, हे. एप्रिल-मेमध्ये काम चालू असताना काय बघायचं. जूनच्या पहिल्या सरीला गच्चीवरची पाणी जायची तोंडं साफ आहेत का, एवढंच. जुलैत ओलीची परीक्षा. ऑगस्ट-सप्टेंबरला खर्च कुणाचा. दसऱ्यानंतर 'रंग मारू नका' ही पोस्ट. आठवड्याला एक धरली तरी वर्षाला बावन्न होतात आणि दोन व्याख्यानांत तेवढा माल सहज निघेल.

एक गोष्ट कायद्याची. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला पहिल्या खेपेला १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा केली तर ५० लाखांपर्यंत. व्हॉट्सॲपवरच्या एका पोस्टीसाठी उद्या कुणी दारात येईल असं नाही. पण 'कायमचा', '१०० टक्के', 'हमखास' हे शब्द यंत्र मीठ भुरभुरावं तसं घालतं, ते तेवढ्यासाठी उपटून टाक. २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत असंही आहे की दावा ज्या भाषेत त्याच भाषेत खुलासा हवा आणि खुलाशाने दावाच उलटा फिरवता कामा नये. वर मराठीत 'कायमची हमी' आणि खाली मुंगीएवढ्या इंग्रजीत अटी, हा खेळ चालत नाही. बाबा हमी देत असतील तर किती वर्षांची, कशाची, आणि गच्चीवर कुणी नंतर अँटेना ठोकली तर काय, हे बाबांनी सांगायचं. यंत्राला विचारायचंही नाही.

आणि व्याख्यानात ते ओघात सोसायटीचं नाव घेतात, कुणाच्या बाथरूममध्ये काय सापडलं ते सांगतात. हॉलमध्ये चाळीस माणसांत ठीक आहे. यंत्रात टाकण्याआधी नावं, फ्लॅट नंबर काढून टाक.

राहता राहिले बाबा. ते रागावलेत असं तुला वाटतंय. मला तसं वाटत नाही. चाळीसच्या चाळीस पोस्ट त्यांनी वाचल्या, हे तूच लिहिलंयस. रागावलेला माणूस तिसरीला फोन ठेवून देतो. 'हे मी बोललोच नाही' हे मुद्रितशोधकाचं वाक्य आहे. त्यांना फोनवर दाखवू नकोस. दर रविवारी पाच तुकडे मोठ्या अक्षरांत कागदावर काढ, हातात लाल पेन दे आणि एकच विचार, 'यात तरच कुठे राहिला?' पहिल्या रविवारी कुरकुरतील. दुसऱ्या रविवारी पाचातले तीन खोडतील. तिसऱ्या रविवारी तुला म्हणतील की हा मुद्दा बरोबर आहे पण याच्यापेक्षा चांगला एक आहे, बस, सांगतो. तेव्हा रेकॉर्डिंग चालू ठेव, ते व्याख्यानात आलेलं नसेल.

हे लिहिता लिहिता माझं लक्ष दोनदा वर गेलं. आमच्या बेडरूमच्या कोपऱ्यात नारळाएवढा डाग आहे, गेली तीन वर्षं मी तो गच्चीच्या नावावर खपवत होते. आत्ता स्टुलावर चढून हात लावला. मे महिना आहे आणि गार लागतोय. वरच्या मजल्यावर माणसं राहतात, फ्लॅट बंद नाही. बाबांचा तो उतारा वरच्या काकूंना पाठवतेय, 'पण थांबा'सकट. रंगवाल्याला उद्या बोलावलं होतं, त्याला नको म्हणून सांगितलंय.